इंग्रजी उपपदे आणि मराठीचे मौन

महाराष्ट्रातील सहकारी बँकांच्या आणि जुन्या संस्थांच्या पाट्यांवर नावाच्या आरंभी पुष्कळदा एक अक्षर आढळते : ‘दि’. क्वचित त्यापुढे टिंबही दिलेले असते, जणू ते ‘दिनांक’ या शब्दाचे संक्षिप्त रूप असावे. वस्तुतः ते इंग्रजीतील निश्चित उपपद आहे. मराठीने गेल्या दोनशे वर्षांत इंग्रजीकडून टेबल, स्टेशन, कोर्ट, तिकीट, पेन्शन अशी शेकडो नामे घेतली. त्यांना लिंग दिले, त्यांची सामान्यरूपे केली, त्यांना प्रत्यय लावले. ‘टेबलावर’, ‘कोर्टात’, ‘तिकिटाला’ ही रूपे आज कोणालाही परकी वाटत नाहीत. परंतु या नामांच्या आधी इंग्रजीत सतत वावरणारी ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदे मात्र मराठीने उंबरठ्याबाहेरच ठेवली. अरबीच्या बाबतीतही हेच घडले. ‘अलबत’ या शब्दातील ‘अल’ हे मुळात अरबी निश्चित उपपद आहे. फारसीच्या वाटेने ते मराठीत आले ते शब्दात विरघळूनच. उपपद म्हणून मराठीने ते कधी ओळखले नाही. ज्या भाषेने इतके काही सहज पचवले तिने एवढी एकच वस्तू का नाकारावी, हा प्रश्न व्याकरणाचा वाटतो; पण त्याची मुळे व्याकरणापेक्षा खोल गेलेली आहेत.

‘उपपद’ ही संज्ञाच थोडी दिशाभूल करणारी आहे. संस्कृत व्याकरणात उपपद म्हणजे जवळचे पद. उपपद तत्पुरुष, उपपद विभक्ती या संज्ञांत तो अर्थ स्पष्ट दिसतो. इंग्रजी व्याकरण मराठीतून शिकवताना हीच संज्ञा वेगळ्या वस्तूला लावली गेली आणि ‘उप’ या उपसर्गातील गौणत्वाची छटा तिच्याबरोबर आली. उपपद म्हणजे नामाला लागलेले काहीतरी किरकोळ. असले तर शोभा, नसले तर फारशी हानी नाही, असा समज विद्यार्थ्याच्या मनात रुजतो. प्रत्यक्षात इंग्रजीत सर्वाधिक वेळा येणारा शब्द ‘द’ हाच आहे. १९६१ साली अमेरिकेत छापल्या गेलेल्या गद्यातून निवडलेला सुमारे दहा लाख शब्दांचा संग्रह ब्राउन विद्यापीठात तयार करण्यात आला. त्यात ‘द’ जवळजवळ सत्तर हजार वेळा येतो. म्हणजे दर चौदा-पंधरा शब्दांमागे एक. जी वस्तू भाषेला पावलोपावली लागते ती गौण असणे शक्य नाही.

तरीही ती शिकवली जाते ती गौण वस्तूप्रमाणेच. ‘रिकाम्या जागा भरा’ हे तिचे शालेय घर. तेथे सर्वांत नीट शिकवला जातो तो उच्चाराचा नियम : स्वरध्वनीपूर्वी ‘अ‍ॅन’, व्यंजनध्वनीपूर्वी ‘अ’. म्हणून ‘अ‍ॅन अवर’ पण ‘अ युनिव्हर्सिटी’, ‘अ‍ॅन एम.ए.’ पण ‘अ बी.ए.’. हा नियम अक्षराचा नसून ध्वनीचा आहे हे एकदा सांगितले की मराठी विद्यार्थी तो चटकन आत्मसात करतो, कारण त्याची लिपीच ध्वनीशी बांधलेली आहे. त्यानंतर गणनीय आणि अगणनीय नामांचा नियम येतो. येथे पहिली अडचण उद्भवते. मराठीत एक सल्ला, दोन सल्ले असू शकतात. इंग्रजीत ‘अ‍ॅडव्हाइस’ मोजता येत नाही. त्यामुळे ‘अ‍ॅन अ‍ॅडव्हाइस’ ही चूक निष्काळजीपणाची नव्हे; मराठीतील मोजणी तीत उतरलेली असते. त्यापुढे नद्या, पर्वतरांगा, वर्तमानपत्रे यांच्या याद्या येतात. शेवटी सर्वांत प्रसिद्ध नियम : पहिल्या उल्लेखाला ‘अ’, दुसऱ्या उल्लेखाला ‘द’.

हा शेवटचा नियम अर्धाच खरा आहे. मराठीत कोणी म्हणाले, ‘आम्ही एका लग्नाला गेलो होतो, भटजी उशिरा आले, मांडव मात्र सुरेख होता’, तर इंग्रजीत या भटजींना आणि या मांडवाला पहिल्याच उल्लेखात ‘द’ लागेल. त्यांचा आधी उल्लेख झालेला नाही. पण लग्न म्हटले की भटजी आणि मांडव आलेच, हे ऐकणाऱ्याला ठाऊक आहे असे बोलणारा गृहीत धरतो. तेव्हा ‘द’ हे चिन्ह नामाच्या कपाळी लिहिलेले नसते. ऐकणाऱ्याच्या मनात काय आहे याविषयी बोलणाऱ्याने केलेला तो अंदाज असतो. पॉल क्रिस्टोफरसन यांनी १९३९ साली इंग्रजी उपपदांवरील आपल्या ग्रंथात परिचिततेचे तत्त्व मांडले ते याच दिशेने. बर्ट्रंड रसेल यांचा मार्ग वेगळा होता. १९०५ मधील निबंधात आणि पुढे १९१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, तुरुंगात लिहिलेल्या गणिती तत्त्वज्ञानाच्या परिचयग्रंथात त्यांनी या एका शब्दाची तार्किक छाननी केली. ‘द’ म्हणजे ‘अशी वस्तू आहे आणि ती एकच आहे’ असे विधान, हा त्यांचा निष्कर्ष. स्ट्रॉसन यांनी १९५० मध्ये त्याला उत्तर दिले : ‘द’ वापरणारा अस्तित्वाचे विधान करीत नाही, तो अस्तित्व गृहीत धरतो. आयरीन हाइम यांनी १९८२ च्या प्रबंधात हा विचार आणखी पुढे नेला. त्यांनी वापरलेले रूपक ग्रंथालयात बसणाऱ्या कोणालाही समजेल : संभाषण म्हणजे कार्डांचा साठा, ‘अ’ आले की नवे कार्ड उघडायचे, ‘द’ आले की जुने कार्ड शोधून त्यावर नोंद करायची. मतभेद बाजूला ठेवले तरी एक गोष्ट उरतेच. उपपद हा बोलणारा आणि ऐकणारा यांच्यातील व्यवहार आहे. तो नुसत्या नामाकडे पाहून शिकता येत नाही.

मग मराठी हा व्यवहार करीतच नाही काय? अलबत करते, परंतु त्याचे काम तिने निरनिराळ्या ठिकाणी वाटून दिले आहे. ‘टेबलावर पुस्तक आहे’ आणि ‘पुस्तक टेबलावर आहे’ या दोन वाक्यांत शब्द तेच आहेत. पहिल्या वाक्यातले पुस्तक ऐकणाऱ्याला नवे आहे, दुसऱ्यातले त्याच्या ओळखीचे. इंग्रजी जे उपपदाने सांगते ते मराठीने येथे शब्दक्रमाने सांगितले. ‘वाघ मांसाहारी असतो’ आणि ‘वाघ झाडाखाली आहे’ यांत जातीविषयीचे विधान आणि विशिष्ट वाघाविषयीचे विधान यांतील भेद ‘असतो’ आणि ‘आहे’ या क्रियापदांनी उचलला. इंग्रजीत मात्र पहिल्या वाक्यासाठी ‘अ टायगर’, ‘द टायगर’ आणि उपपदाविना ‘टायगर्स’ असे तिन्ही पर्याय चालू शकतात, आणि परभाषकाचा गोंधळ तेथेच वाढतो. विभक्तिप्रत्ययाचे काम तर अधिक लक्षणीय आहे. ‘ते मुलगी पाहायला गेले’ आणि ‘ते मुलीला पाहायला गेले’ या दोन वाक्यांतील अंतर मराठी घरात वाढलेल्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. पहिल्यात स्थळ पाहण्याचा कार्यक्रम आहे आणि मुलगी अद्याप ठरलेली नाही. दुसऱ्यात कोणा एकीचे आईवडील तिला वसतिगृहात किंवा इस्पितळात भेटायला गेले आहेत. एवढा मोठा सामाजिक भेद एका ‘ला’ने पेलला आहे.

काही ठिकाणी मराठी इंग्रजीपेक्षा बारकाईने भेद करते. ‘मी डॉक्टर शोधतो आहे’, ‘मी एका डॉक्टरांना शोधतो आहे’, ‘मी डॉक्टरांना शोधतो आहे’. पहिल्या वाक्यात कोणीही डॉक्टर चालेल. दुसऱ्यात बोलणाऱ्याच्या मनात विशिष्ट व्यक्ती आहे, पण ती ऐकणाऱ्याला ठाऊक नाही. तिसऱ्यात ती दोघांनाही ठाऊक आहे. इंग्रजीतील ‘अ डॉक्टर’ या पहिल्या दोन्ही अर्थांना एकाच पिशवीत घालते. तेव्हा मराठीत उपपदांचा अभाव आहे असे म्हणणे म्हणजे इंग्रजीच्या गजाने मराठीचे अंगण मोजणे होय. लॅटिनविषयी पहिल्या शतकातील क्विंटिलियन या वक्तृत्वशास्त्रज्ञाने हेच नोंदवून ठेवले आहे : आपल्या भाषेला उपपदांची गरज भासत नाही, त्यांचे काम इतर शब्दजातींत विखुरले गेले आहे. पुढे त्याच लॅटिनपासून निघालेल्या फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश या भाषांनी ‘तो’ आणि ‘एक’ या अर्थाच्या जुन्या शब्दांपासून उपपदे घडवली. इंग्रजीचे ‘द’ जुन्या दर्शक सर्वनामातून आले आहे, आणि ‘अ‍ॅन’ म्हणजे मुळात ‘एक’च. कच्चा माल मराठीजवळही आहे; तिने त्याची सक्ती केली नाही एवढेच.

खरा भेद या सक्तीत आहे. मराठीत बोलणारा निश्चितता दाखवू शकतो आणि हवे तेव्हा ती मोघमही ठेवू शकतो. ‘माणूस आला होता’ या वाक्यातील माणूस कोण, ओळखीचा की अनोळखी, हे वाक्य सांगत नाही. सांगण्याची त्याच्यावर जबाबदारीही नाही. इंग्रजीत ती सोय नाही. तेथे एकवचनी गणनीय नाम उच्चारताच बोलणाऱ्याला पक्ष घ्यावा लागतो. त्याने ‘अ’ही म्हटले नाही आणि ‘द’ही म्हटले नाही, तर त्या न म्हणण्यालाही अर्थ चिकटतो.

न म्हणण्याला चिकटलेल्या या अर्थाची किंमत किती मोठी असू शकते याची उदाहरणे व्याकरणाच्या पुस्तकाबाहेर शोधावीत. २२ नोव्हेंबर १९६७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने संमत केलेल्या २४२ क्रमांकाच्या ठरावात, त्या वर्षीच्या युद्धात व्यापलेल्या प्रदेशांतून इस्रायली सैन्य मागे घेण्याचा उल्लेख आहे. इंग्रजी पाठात ‘प्रदेश’ या अनेकवचनी नामाच्या आधी ‘द’ नाही. फ्रेंच पाठात ‘दे’ हे रूप आहे, आणि त्याचा अर्थ ‘त्या प्रदेशांतून’ असा घेता येतो. सर्व प्रदेश की काही प्रदेश, हा वाद त्या न लिहिलेल्या एका शब्दाभोवती अर्धशतकाहून अधिक काळ चालू राहिला. हा ठराव मराठीत ‘व्यापलेल्या प्रदेशांतून’ असा उतरवला तर दोन्ही पक्ष आपापला अर्थ त्यात वाचू शकतील. वाद मिटणार नाही, पण तो कोठे आहे हेही दिसणार नाही. युक्रेनचे उदाहरण याच्या उलट आहे. इंग्रजीत त्या देशाच्या नावाआधी ‘द’ लावण्याची जुनी रीत होती. ‘द’ लागले की ते नाव एखाद्या प्रांताचे, मोठ्या राज्याच्या एका भागाचे भासते. १९९१ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर ही रीत मागे पडली आणि केवळ ‘युक्रेन’ रूढ झाले. लक्षणीय बाब अशी की युक्रेनी आणि रशियन या दोन्ही भाषांत उपपद नाही. ज्या भाषेतील उपपद त्यांना खटकले ती त्यांची नव्हती. पण जगासमोरची त्यांची ओळख त्या भाषेत घडत होती.

जुलै १९६९ मध्ये चंद्रावर पाऊल ठेवताना नील आर्मस्ट्राँग यांनी उच्चारलेल्या वाक्यातही असेच घडले. ‘अ मॅन’ म्हणजे एक माणूस, आणि उपपदाविना ‘मॅन’ म्हणजे मानवजात. ध्वनिमुद्रणात ‘अ’ ऐकू येत नाही. आपल्याला ते म्हणायचे होते, असे आर्मस्ट्राँग यांचे म्हणणे होते. त्या एका ध्वनीवाचून वाक्याचे दोन्ही भाग एकच गोष्ट सांगू लागतात आणि त्यातील विरोध नाहीसा होतो. इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे त्याचेही उपपद हरवू शकते, आणि ते हरवले की अर्थ हरवतो, एवढे यातून स्पष्ट होते.

साहित्याच्या अभ्यासकाने हा विचार पुस्तकांच्या नावांपासून सुरू करायला हरकत नाही. हेन्री जेम्स यांच्या १८८१ च्या कादंबरीचे नाव ‘द पोर्ट्रेट ऑफ अ लेडी’. जॉइस यांच्या १९१६ च्या कादंबरीचे ‘अ पोर्ट्रेट ऑफ द आर्टिस्ट अ‍ॅज अ यंग मॅन’. दोन्हींतली उपपदे परस्परविरुद्ध क्रमाने आली आहेत. जेम्स यांचे चित्र निश्चित आहे, स्त्री मात्र अनेकींपैकी एक. जॉइस यांचा कलावंत निश्चित आहे. त्याचे हे चित्र अनेक संभाव्य चित्रांपैकी एक, तारुण्यातले. मराठीत दोन्ही नावे उतरवताना ‘चित्र’, ‘स्त्री’, ‘कलावंत’ हे शब्द सहज सापडतील. हा उलटसुलट क्रम मात्र सापडणार नाही. इंग्रजीतून मराठीत येताना अशी गळती होते. मराठीतून इंग्रजीत जाताना त्याहून अवघड प्रकार घडतो : जे मूळ लेखकाने म्हटलेलेच नाही ते अनुवादकाला म्हणावे लागते.

विजय तेंडुलकर यांचे ‘गिधाडे’ इंग्रजीत ‘द व्हल्चर्स’ झाले. मराठी नाव विशेषण म्हणूनही ऐकू येते, ‘गिधाडे आहेत ही’ अशा अर्थाने. इंग्रजी नाव बोट दाखवते, हीच ती गिधाडे. १९६७ मधील ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक प्रिया आडारकर यांच्या अनुवादात ‘सायलेन्स! द कोर्ट इज इन सेशन’ या नावाने गेले. इंग्रजीत ‘कोर्ट इज इन सेशन’ असे उपपदाविनाही म्हणता येते; तेव्हा कोर्ट म्हणजे एक चाललेली क्रिया, जसे मराठीत ‘शाळा चालू आहे’. ‘द कोर्ट’ म्हटले की एक संस्था उभी राहते, सर्वांना मान्य असलेली, अधिकाराने बसलेली. नाटकात तर कोर्ट खोटे आहे, खेळातले आहे, आणि त्या खेळात एका स्त्रीचा प्रत्यक्ष न्याय केला जातो. खेळ आणि संस्था यांच्यामधला जो निसरडा भाग मराठी नावात मोकळा आहे, तो इंग्रजी नावाने संस्थेच्या बाजूने बुजवला. हा दोष आहे असे नव्हे. ‘द’मुळे एक नवा उपरोधही निर्माण होतो. परंतु तो निर्णय आहे, आणि तो अनुवादात झालेला आहे.

दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांत हा निर्णय अधिक गंभीर होतो. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’च्या इंग्रजी अनुवादाला ‘अ‍ॅन आउटसायडर’ ही जोड मिळाली. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ इंग्रजीत ‘द ब्रँडेड’ झाले. शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ २००३ मध्ये ‘द आउटकास्ट’ या नावाने आले. तिन्ही मराठी नावे एकेका शब्दाची आहेत, आणि तो शब्द एका व्यक्तीला, तिच्या समाजाला आणि समाजाने तिला दिलेल्या शिवीला एकाच वेळी लागू पडतो. मराठी वाचकाला त्यातून एक अर्थ निवडावा लागत नाही. इंग्रजीत तीन नावांनी तीन निवडी केल्या. ‘अ‍ॅन आउटसायडर’ म्हणजे अनेक उपऱ्यांपैकी एक. नाव व्यक्तीपासून समूहाकडे पाहते. ‘द ब्रँडेड’मध्ये विशेषणाआधी ‘द’ आले आहे, आणि इंग्रजीत अशी रचना सामान्यतः समूहवाचक असते, जसे ‘द पुअर’ म्हणजे गरीब लोक. येथे व्यक्ती समूहात मिसळते. ‘द आउटकास्ट’ ही एक व्यक्ती आहे. पण ती विशिष्ट व्यक्ती की त्या वर्गाचा प्रतिनिधी, हे संदिग्ध राहते. दलित आत्मकथनांच्या समीक्षेत ‘मी’ कोणाचा, व्यक्तीचा की जमातीचा, हा प्रश्न वारंवार चर्चिला गेला आहे. इंग्रजी वाचकाला मात्र मुखपृष्ठावरच एका उपपदाने त्याचे उत्तर दिलेले असते, आणि ते उत्तर मूळ लेखकाचे असेलच असे नाही.

नावांच्या पलीकडे, मजकुराच्या आत, हीच गोष्ट अदृश्यपणे चालू राहते. मराठी ग्रामीण कथेत ‘पाटील’, ‘मास्तर’, ‘पार’, ‘आड’, ‘देऊळ’ हे शब्द कसल्याही प्रस्तावनेविना येतात, कारण गावात ते बहुधा एकेकच असतात आणि वाचक ते जग ओळखतो असे गृहीत असते. अनुवादकाने ‘द पाटील’ लिहिले तर इंग्रजी वाचकावर तो जी ओळख लादतो ती त्या वाचकाजवळ नाही. ‘अ पाटील’ लिहिले तर गावात पाटलांचा सुकाळ आहे असे वाटू लागते. व्यंकटेश माडगूळकर यांच्या १९५५ मधील ‘बनगरवाडी’चा निवेदक मास्तर म्हणून त्या वाडीत नव्याने येतो. त्याला सुरुवातीला सारेच अपरिचित आहे आणि हळूहळू ते परिचयाचे होते. इंग्रजीत या प्रवासाचा आलेख उपपदांतून उमटणार, ‘अ’पासून ‘द’पर्यंत, मराठीत तो प्रसंगांतून आणि माणसांच्या बोलण्यातून उमटतो. राम देशमुख यांच्या १९५८ च्या अनुवादाचे नाव ‘द व्हिलेज हॅड नो वॉल्स’ असे आहे. पुस्तक उघडण्यापूर्वीच इंग्रजी वाचकाला ते गाव ठाऊक असल्याचे मानले गेले. ही इंग्रजी कथनाची रूढ युक्ती आहे : अनोळखी वस्तूला ‘द’ लावून वाचकाला ओढून घेणे.

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात ठेवावा लागतो. ‘द’ हे ओळखीचे चिन्ह आहे, वाट्याचे नव्हे. ‘द वेल’ म्हणजे बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला ठाऊक असलेली विहीर. तिचे पाणी कोणाला मिळते हे उपपद सांगत नाही. गावची विहीर ज्याला ठाऊक आहे पण जिला शिवायची ज्याला बंदी आहे, त्याच्या तोंडचे ‘विहीर’ आणि पाटलाच्या तोंडचे ‘विहीर’ इंग्रजीत सारख्याच ‘द’ने जातील. आत्मकथनाच्या अनुवादकाने हे अंतर अन्य मार्गांनी राखायचे असते. उपपद त्याला मदत करणार नाही, उलट ते झाकून टाकील.

मराठी मनाने इंग्रजी उपपदांवर किती प्रभुत्व मिळवावे याचे उदाहरण मात्र बाहेर शोधण्याची गरज नाही. अरुण कोलटकर यांची इंग्रजी ‘जेजुरी’ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची अनुक्रमणिका या दृष्टीने वाचण्याजोगी आहे. आरंभीच्या कवितेचे नाव ‘द बस’. वाचक अद्याप कोठे गेलेला नाही, तरी बस निश्चित आहे, कारण तो तिच्यातच बसलेला आहे. पुजारी ‘द प्रीस्ट’ आहे. देवस्थान म्हटले की तो असायचाच. पण एक कविता आहे ‘अ लो टेम्पल’. जेजुरीत देवळे इतकी की ते त्यांतलेच एक, ठेंगणे. आणि एक आहे ‘अ‍ॅन ओल्ड वुमन’. नाव तिला अनेक म्हाताऱ्यांपैकी एक म्हणून आत घेते. यात्रेच्या ठिकाणी बाही धरून पैसे मागणारी कोणीही. कविता पुढे सरकते तसा तिला झटकू पाहणारा माणूसच लहान होत जातो. शीर्षकातील अनिश्चित उपपद हा त्या माणसाचा आरंभीचा दृष्टिकोन आहे, आणि कविता तो दृष्टिकोन मोडून काढते. जो कवी दोन्ही भाषांत लिहीत होता त्याला एका भाषेतील सक्ती ही दुसरीत नसलेली संधी वाटली, असे म्हणता येईल.

याचा संबंध वर्गाशीही आहे. तालुक्याच्या गावातून एम.ए.ला आलेल्या विद्यार्थ्याच्या निबंधात उपपदे गळतात, नको तेथे येतात, आणि परीक्षकाची लाल शाई प्रथम त्यांनाच शोधते. ही चूक दिसायला सोपी असते, म्हणून तिच्यावरून लिहिणाऱ्याच्या विचाराची पातळी ठरवण्याचा मोहही सोपा असतो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्या पिढ्या वाढल्या त्या इंग्रजी वाक्य मराठी वाक्याशेजारी ठेवून शिकल्या. त्या रीतीत नामासमोर नाम होते, क्रियापदासमोर क्रियापद होते. ‘द’समोर पुष्कळदा काहीच नसे, आणि त्या रिकाम्या जागेविषयी सांगायला शिक्षकाजवळ याद्यांखेरीज फारसे काही नसे. याद्या निरुपयोगी नाहीत. नद्यांना ‘द’ लागते हे पाठच करावे लागते. त्यात विचाराला वाव नाही. परंतु उरलेल्या मोठ्या प्रदेशात विद्यार्थ्याला नियमापेक्षा प्रश्न द्यावा : हे मी कोणाला सांगतो आहे, आणि त्याला यातले काय आधीच ठाऊक आहे? प्रबंध लिहिताना या प्रश्नाने उपपदे सुधारतात, आणि उपपदांबरोबर मांडणीही सुधारते. कारण वाचकाला काय ठाऊक आहे याचा विचार न करता लिहिणे हा केवळ इंग्रजीतला दोष नव्हे.

अनुवादाच्या समीक्षेतही हीच सवय उपयोगी पडेल. मराठी कादंबरीच्या इंग्रजी अनुवादाचे परीक्षण करताना आपले लक्ष म्हणी, शिव्या, बोलीतील शब्द आणि खाद्यपदार्थांची नावे यांवर खिळते. त्याऐवजी एकदा अनुवादाचे पहिले पान घ्यावे, त्यातील प्रत्येक ‘अ’ आणि ‘द’ यांखाली रेघ ओढावी, आणि मूळ पानात त्या जागी काय आहे ते पाहावे. काही ठिकाणी शब्दक्रम सापडेल, काही ठिकाणी ‘ला’, काही ठिकाणी ‘एक’ किंवा ‘तो’. आणि काही ठिकाणी काहीच सापडणार नाही. त्या जागी मराठी लेखकाने वाचकाला आपल्या जगातलाच धरून बोलायचे टाळले होते, आणि अनुवादकाला परक्या वाचकासाठी बोलावे लागले. तो काय बोलला, कोणाच्या वतीने बोलला, हे तपासणे समीक्षेचे काम आहे. आणि त्यासाठी लागणारे साधन प्रत्येक पानावर, दर चौदा-पंधरा शब्दांमागे एक, असे उपलब्ध आहे.